सुभेदारीणबाईंचा हवापालट

झनकलालजी आमच्या घरी यायचे ते स्वतःचं पाणी घेऊन. खांद्याला मिलिटरीतली कॅनव्हासची छागल, सदऱ्याच्या एका खिशात पितळेचं फुलपात्र आणि दुसऱ्यात फुटाणे. ओसरीवर टेकले, की आत चहाचं आधण चढायच्या आधीच त्यांचा हात वर व्हायचा. "नको जी बाई, सारं संगं हाये." मग आपल्या फुलपात्रात आपलं पाणी ओतून, आपले फुटाणे चावत, हा गृहस्थ आमच्या ओसरीवर आमच्याशी तासभर गप्पा मारायचा. जाताना फुटाण्यांची सालंसुद्धा गोळा करून खिशात घालायचा.

माझ्या बायकोला हे फार लागायचं. तिच्या चहाचं गोरेगावात नाव होतं. आमचे हेडमास्तर रविवारी सकाळी माझ्याकडे यायचे, ते काही माझ्या विद्वत्तेसाठी नव्हे. "आपल्या घरचं पाणी चालत नाही का त्यांना?" असं तिनं एकदा विचारलं आणि मलाही तोच संशय आला. मी जरा तापट माणूस आहे. दुसऱ्याच दिवशी चौकशी केली. तर कळलं, की झनकलालजी सख्ख्या भावाच्या घरीही पाणी पीत नाहीत. बहिणीच्या घरी पीत नाहीत. लग्नात सगळी पंगत जिलबीवर तुटून पडलेली असताना हे मांडवाबाहेर बसून आपल्या डब्यातला भात खातात. अपमान सगळ्यांचाच होतोय म्हटल्यावर आमचा राग उतरला. चक्रम माणसावर रागावून करायचं तरी काय?

ही पन्नास सालानंतरची गोष्ट. आमचा मुलूख तेव्हा भंडारा जिल्ह्यात मोडायचा. मी गोरेगावच्या शाळेत मास्तर होतो आणि झनकलालजी शेजारी राहायचे. शेती धानाची, ती बहुतेक भाऊच बघायचा. लढाईच्या काळात हे मिलिटरीत ड्रायव्हर होते, पार ब्रह्मदेशापर्यंत जाऊन आले होते. येताना तिथून हिंदी शिव्या आणि मोटरीचं वेड घेऊन आले. बायको वारलेली. एकुलती एक मुलगी सेवंता, तिचं लग्न माझी बदली गोरेगावला होण्यापूर्वीच झालेलं. घरात उरले ते आणि त्यांची मांजर.

मांजरीचं नाव सुभेदारीणबाई. पांढऱ्या अंगावर काळे डाग, एक कान फाटका आणि चेहऱ्यावर कायम कुणाची तरी चूक सापडल्याचा भाव. भावाला, गड्याला, गावच्या पाटलालाही 'तू' म्हणणारा हा माणूस मांजरीशी मात्र अदबीनं बोलायचा. "दूध घेता का जी? की आज मन नाही?" आणि मन नसलं, तर खरोखरच काळजीत पडायचा. एकदा ती दिवसभर जेवली नाही म्हणून त्यांनी भावाकडची सत्यनारायणाची पूजा चुकवली होती. भावानं वर्षभर तोंड फिरवलं. "फिरवू दे ना," झनकलालजी म्हणाले, "त्याचं तोंड पाहून कोनाचं पोट भरते?"

आणि मोटर. लढाई संपल्यावर मिलिटरीच्या जुन्या गाड्यांचा लिलाव झाला, त्यात धानाच्या शेताची एक बांधी विकून झनकलालजींनी रुग्णांची गाडी घेतली. सुरुवातीला ते तिच्यातून लोकांचं धान मिलमध्ये पोचवायचे. मग एका वर्षी काय मनात आलं कोण जाणे, सुताराला बोलावून त्यांनी आतला सगळा थाट बदलून टाकला. जिथं स्ट्रेचर असायचं तिथं लाकडी खाट आली. खाटेखाली तांदूळ-डाळीचे डबे, कोपऱ्यात स्टोव्ह, सुभेदारीणबाईंच्या दुधासाठी जाळीचं छोटं कपाट. खिडक्यांना फुलाफुलांच्या लुगड्याचे पडदे. गाडीवरच्या लाल फुलीवर त्यांनी स्वतःच्या हातानं हिरवा रंग फासला होता, पण ऊन चढलं की खालची फुली पुन्हा दिसू लागायची. त्यामुळे गाव त्या मोटरीला 'दवाखाना' म्हणायचं.

"पडदे कायले लावले जी?" असं कुणी विचारलं, की उत्तर ठरलेलं. "सुभेदारीणबाईले ऊन सहन होत नाही."

माघ संपत आला, की झनकलालजींचं घरात चित्त लागेनासं व्हायचं. धान कोठीत पडलेलं, शेतं मोकळी, सगळं गाव लग्नं ठरवण्यात गुंतलेलं, आणि हे रोज सकाळी जंगलाच्या वाटेनं जाऊन पळसाच्या झाडांकडे बघून यायचे. आमच्याकडे अजून काळ्या कळ्याच असल्या, तर तिरोड्याकडून येणाऱ्या मोटरीच्या ड्रायव्हरला गाठायचे. "तिकडं फुलला का गा पळस?" तो बिचारा दर दोन दिवसांनी तेच तेच ऐकून इतका वैतागला, की एकदा त्यानं पळसाची फुललेली फांदीच आणून यांच्या हातात दिली. फांदी बघून झनकलालजींच्या डोळ्यांत पाणी आलं. ड्रायव्हर घाबरला. मी म्हणालो, "घाबरू नका, त्यांना भटकायचं वेड आहे." मी तेव्हा तसंच समजत होतो.

पळस फुलला, की दवाखाना निघाला. कारण विचारलं तर, "सुभेदारीणबाईंचा हवापालट." डॉक्टर श्रीमंतांना पचमढीला जायला सांगतात तसं कुणीतरी या मांजरीला सांगितलं असावं, अशा गंभीर चेहऱ्यानं ते हे सांगायचे.

एका शिमग्याच्या सुट्टीत माझी बायको भाचीच्या बारशाला गेली होती आणि मी हातानं भात शिजवून जेरीस आलो होतो. झनकलालजी म्हणाले, "चला मास्तरजी. सेवंताच्या घरापर्यंत जाऊन राहिलो." सेवंताचं सासर तिरोड्याच्या पुढे, वैनगंगेच्या काठच्या एका गावात. मला वाटलं, सकाळी निघू आणि दुपारी लेकीच्या हातचं जेवू. मी उडी मारून मोटरीत चढलो.

पुढं बसायला गेलो, तर ड्रायव्हरशेजारची जागा राखीव होती. तिथं गादीवर सुभेदारीणबाई बसल्या होत्या. मला मागं डब्यांमध्ये जागा मिळाली. शिवाय या मोटरीचा भोंगा वाजवायची बंदी होती, कारण त्यानं बाई दचकायच्या. रस्त्यात बैलगाडी आडवी आली, की झनकलालजी खिडकीतून डोकं काढून ओरडायचे, "हटा जी हटा, सुभेदारीणबाई येऊन राहिल्या!" कुणा साहेबाची मडम आली असं समजून गाडीवान घाईघाईनं बैल बाजूला घ्यायचे. एका कोतवालानं तर मांजरीला चक्क सलाम ठोकला. बाईंनी तो स्वीकारलाही.

वाटलं होतं सरळ तिरोडा. पण हा माणूस आधी पूर्वेला आमगावकडे निघाला, बहिणीच्या गावाला. तिथून फुलचूरला साळ्याकडे. मग वाटेत कुणी मावसभाऊ, कुणी मिलिटरीतला दोस्त. प्रत्येक दारात तोच तमाशा. बहीण पाण्याचा लोटा घेऊन धावत यायची, आणि हे मोटरीतून उतरायच्या आत म्हणायचे, "सारं संगं हाये." बहिणीनं कपाळावर हात मारला. "काऊन असा करतेस गा दादा? म्या काय जहर देऊन राहिली का तुले?" झनकलालजी हसले आणि आपल्या स्टोव्हवर खिचडी टाकली. त्यांच्या वाट्याचं सगळं जेवण मग माझ्या पानात पडायचं. मी तक्रार केली नाही, पण फुलचूरला पोचेपर्यंत माझ्या धोतराची गाठ सैल करावी लागली होती.

तिरोड्याच्या अलीकडे एका गावात बाजार भरला होता. उन्हात लाल फुली चमकली आणि काही कळायच्या आत लोक खाटेवर एका म्हातारीला घालून घेऊन आले. तिच्या पोटात दुखत होतं. "डाक्टर कुठं हाये?" मी खुलासा करायला तोंड उघडलं, पण झनकलालजींनी मला गप्प केलं. त्यांनी डब्यातून ओवा काढला, मीठ काढलं, पाणी गरम करून म्हातारीला पाजलं. सुभेदारीणबाईंना रिकामी खाट दिसली, की त्या तिच्यावर चढायच्या; भरलेलीही चालते, हे त्या दिवशी कळलं. त्या सरळ म्हातारीच्या पोटावर जाऊन बसल्या आणि घुरघुरू लागल्या. ओव्यानं म्हणा की मांजरीच्या उबेनं म्हणा, थोड्या वेळात म्हातारी उठून बसली. "हे डाक्टरीन बाई चांगली हाये," तिनं जाहीर केलं, "सुई नाही टोचत."

म्हातारीच्या सुनेनं घरून ताक आणलं. दाट, वर लोण्याचे कण तरंगताहेत असं. तिनं भांडं झनकलालजींच्या पुढं केलं. मी त्यांच्याकडे बघत होतो. त्यांची नजर त्या ताकावर अशी खिळली होती, की मला माझ्या वर्गातली मधल्या सुट्टीआधीची पोरं आठवली. त्यांनी आवंढा गिळला. मग म्हणाले, "सारं संगं हाये जी," आणि भांडं माझ्याकडे सरकवलं. या माणसाला खाण्याची आवड नाही असं मी इतके दिवस समजत होतो. ते काही खरं नव्हतं.

तिरोडा मागं पडलं. एका नाल्यावर त्यांनी मोटर उभी केली, दाढी केली, धुतलेलं धोतर नेसले. मग फणी घेऊन सुभेदारीणबाईंचे केस विंचरायला बसले. बाई फिसकारत होत्या आणि हे समजूत घालत होते, "थोडं थांबा ना जी. सेवंता म्हनन का बाबा तुमची देखरेख नाही करत." शेवटी मोटर सुरू केली आणि गिअर घालायलाच विसरले. मी विचारलं, बरं नाही का? "बरं हाये ना," ते म्हणाले, "साल भरून राहिलं, बस."

सेवंता दारातच उभी होती. मोटरीचा आवाज तिनं लांबूनच ओळखला असणार. झनकलालजींनी घराच्या आवारात न जाता आवाराबाहेरच्या मोहाच्या झाडाखाली मोटर लावली. मोहफुलं टपटप टपावर पडत होती. सेवंतानं मला प्यायला पाणी दिलं आणि वडिलांना पाय धुवायला. त्यांनी पाय धुतले. प्यायला तिनं विचारलंच नाही आणि त्यांनी मागितलं नाही. सुभेदारीणबाईंनी मात्र कसलाही विधिनिषेध न बाळगता तिच्या खांद्यावर झेप घेतली. ती मूळची सेवंताचीच मांजर, लग्न होऊन जाताना बापापाशी ठेवून गेलेली.

जेवायला मी एकटाच आत गेलो. भात, लाखोळीची डाळ, कढी आणि पाटोडीचा झणझणीत रस्सा. सेवंताची सासू समोर बसून आग्रह करत होती. बाई तोंडानं फटकळ, पण मनानं वाईट नव्हती. "आमचे व्याही येडे हायत जी गुरुजी," ती हसत म्हणाली. "पयले आमाले वाटे, सुनेले लेकरू नाही म्हनून आमच्या घरचं पानी नाही पीत. लय राग आला होता. मंग मालूम पडलं, हा मानूस तं बहिनीच्या घरीबी नाही पीत. येडाच हाये म्हटलं, मंग काय बोलता?"

आमच्याकडे तशी रीत आहे. मुलीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं अन्न घेत नाही, पाणी पीत नाही. सेवंताच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती.

"तुम्ही तरी सुनेला पाठवा ना तिकडे," मी म्हणालो.

"कशी पाठवू जी? तिच्या बापाच्या घरी बाईमानूस नाही. लग्नानंतर पयल्या दिवाळीले गेली तेवढीच. गाव काय म्हनन?"

सासू ताक आणायला उठली, तेव्हा सेवंता माझ्या पानात रस्सा वाढत होती. मी हळूच विचारलं, "तुझे बाबा पहिल्यापासून असेच आहेत का गं?"

ती वाढता वाढता थांबली. "नाही जी गुरुजी. बाबा तं खान्याचे लय शौकीन. कोनाच्या घरी कढीचा वास आला का वाटी घेऊन जात. माय मले सांगे, तुह्या बापानं मले लाज आनली." तिला हसू आलं, आणि मग ती घाईनं चुलीकडे वळली. बहिणीच्या दारातलं ते हसणं, ताकाच्या भांड्यावरची ती नजर, लग्नाच्या मांडवाबाहेरचा तो डबा, सगळं माझ्या पुढ्यात येऊन बसलं.

बाहेर आलो, तर झनकलालजी मोहाखाली बसून खिचडी खात होते. वैनगंगेतून स्वतः भरून आणलेलं पाणी शेजारी. मला बघताच म्हणाले, "पाटोडी कोनं बनवली?"

"सेवंतानं."

"रस्सा पातळ होता का दाट?"

"दाट."

"हो ना जी. तिची माय दाटच करे. अन् कढीत मेथीदाना होता का?"

मी सगळं सांगितलं. ते आपल्या खिचडीचा एकेक घास घेत ऐकत होते. कढी संपली, डाळ संपली, मी भाताच्या शितापर्यंत पोचलो तरी त्यांचे प्रश्न संपेनात. शेवटी मला राहवेना. मी म्हणालो, "झनकलालजी, एक दिवस मोडा ती रीत. कोण विचारतो आजकाल? जा आणि जेवा लेकीच्या हातचं."

त्यांनी खिचडीचं ताट खाली ठेवलं.

"तुमी शिकले मानूस हाये मास्तरजी, तुमीच सांगा," मग म्हणाले. "मी तिच्या घरचं पानी पेलो, तं त्याचा मतलब असा का बापानंच आस सोडली. आता हिले काही होत नाही. नाही पेलो, तं दर साली तिच्या मनात येते का माह्यापायी बाप उपाशी बसला. दोन्हीकडून तिलेच टोचते. मंग म्या म्हटलं, कोनाच्याच घरचं नाही प्यायचं. बहिनीच्या नाही, भावाच्या नाही, तुमच्या नाही. लोक येडा म्हनतीन. म्हनू द्या ना. येडा पानी नाही पेला, तं कोनाले काही वाटत नाही."

"आणि चुकून कुणाकडे प्यायलात तर?"

"एकाच्याही घरी पेलो तं इथपर्यंत खबर येते जी. सोयरे सारे इकडचे तिकडं लागून हायेत. म्हनून पयले साऱ्यांच्या दारात जाऊन येतो, मंग इथं."

आमगावपासून मी या माणसाच्या वाट्याचं जेवत आलो होतो आणि मनात त्याला हसत आलो होतो. त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण आमच्याकडे पुरुष असं काही करत नाहीत. मी नुसता शेजारी बसून राहिलो.

उन्हं तापली. आतला भांडी घासण्याचा आवाज थांबला. थोड्या वेळानं सेवंता बाहेर आली. काखेत सुभेदारीणबाई, हातात दूधभाताची वाटी. "ही माह्या हातानंच खाते, अन् मोटरीतच खाते," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. आतून सासूचा आवाज आला, "आरामानं भरव गं. घाई नको करू. म्या हावो ना इथं." तो फटकळ आवाज तेव्हा फार मऊ वाटला. या बाईला सगळं कळत असावं, असं मला आजही वाटतं.

सेवंता मोटरीत चढली आणि पडदा ओढला. थोडा वेळ वाटी चाटण्याचा आवाज आला. मग तोही थांबला. बराच वेळ झाला तरी ती बाहेर येईना, म्हणून मी मागच्या दारापाशी जाऊन डोकावलो. सेवंता खाटेवर गाढ झोपली होती. पदर घसरलेला, तोंड थोडं उघडं, एक हात खाटेखाली लोंबत असलेला. सासरी इतकी वर्षं पहाटे सगळ्यांच्या आधी उठणारी, सगळ्यांच्या मागून जेवणारी ती बाई एखाद्या शाळकरी पोरीसारखी झोपली होती. सुभेदारीणबाई तिच्या पोटाशी वळकटी करून पडल्या होत्या.

झनकलालजी केव्हा उठून आले मला कळलं नाही. ते मोटरीच्या मागच्या पायरीवर बसले होते आणि हातातल्या डहाळीनं माशा वारत होते. वाटेनं एक बैलगाडी घुंगरं वाजवत येत होती. ते अनवाणीच धावले, गाडीवानापुढं हात जोडून काहीतरी बोलले आणि बैलांच्या गळ्यातली घुंगरं मुठीत धरून झाडापलीकडपर्यंत चालत गेले. परत आले तेव्हा घामानं निथळत होते.

"अहो, ऊन किती आहे," मी म्हणालो, "तुम्हीही आडवे व्हा ना जरा."

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला जी मास्तरजी. लेक माहेरी आली हाये."